वाणाला अट कसली?

मंदाकाकूंच्या घरी भाडेकरू म्हणून मी जागा बघायला गेले, त्या दिवशी पहिला बळी दलालाचा गेला. चौबे कॉलोनीतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर तो मला दोन खोल्या दाखवत होता आणि त्याची टकळी चालू होती. "मॅडम, प्राइम लोकेशन है, वेल-मेंटेन्ड है, सेमी-फर्निश्ड है." मागे दारात उभ्या असलेल्या उंच, सडसडीत बाईंनी एवढंच विचारलं, "सेमी म्हंजे?"

दलाल दचकला. "मतलब आधा, आंटी."

"कौन सा आधा?"

तो एकदा पलंगाकडे, एकदा अलमारीकडे बोट करू लागला. मग बाई स्वतःच पुढे आल्या आणि मला म्हणाल्या, "पलंग आहे, गादी नाही. अलमारी आहे, पण तिचं एक दार लागत नाही. पंखा आहे, तो आवाज करते. हे असं सांगावं लागते. नाही तं या पोरीले रात्री झोपतानाच समजल का सेमी म्हंजे काय ते."

मी हसले आणि तिथल्या तिथे घर पक्कं केलं. अमरावतीहून बदलीवर आलेल्या मला रायपुरात निदान एक माणूस असं मिळालं होतं की ज्याचं बोलणं कानाला घरचं वाटत होतं.

मंदाकिनी खोलकुटे हे त्यांचं पूर्ण नाव. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. जुन्या ट्रंक कॉलच्या दिवसांत कानाला यंत्र लावून नागपूरच्या माणसाला कलकत्त्याच्या माणसाशी जोडून द्यायचं, हे त्यांचं काम. तिथली एक शिस्त त्यांच्या अंगात कायमची मुरली होती. नीट ऐकू न आलेला किंवा नीट न कळलेला शब्द अंदाजानं पुढे ढकलायचा नाही. "अंदाज बांधला का कॉल भलत्याच माणसाकडं गेला," असं त्या म्हणायच्या. घरच्या हॉलमध्ये अजून लँडलाइन होती आणि तिच्यावर त्या नेहमी उभ्यानंच बोलायच्या. मी खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "बसून बोललं का माणूस हव-हव करत सुटते."

हव म्हणजे होय. छत्तीसगडात उठता-बसता ऐकू येणारा शब्द. काकू तो फार जपून वापरायच्या.

त्यांच्या त्या 'म्हंजे?'च्या तडाख्यातून कुणी सुटलं नाही. डॉक्टर म्हणाले, शुगर माइल्ड आहे. "माइल्ड म्हंजे? गोड खाऊ का नको?" पुरानी बस्तीतल्या देवळात पुजाऱ्यानं अभिषेकाची दक्षिणा यथाशक्ती द्या म्हटलं. "यथाशक्ती मतलब? शक्ती मेरी देखनी है कि आपकी?" पुजारी इतका मोकळेपणानं हसला की त्यानं दक्षिणाच घेतली नाही. मलाही सोडलं नाही. मी ऑफिसात को-ऑर्डिनेशन बघते असं मोठ्या ऐटीत सांगितलं, तर काकूंनी विचारलं, "म्हंजे तू करते काय?" मी दोन दिवस त्यावर विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की मी फक्त एकाची मेल दुसऱ्याला पाठवते. हे कळून काही कुणाला आनंद होत नाही. सुरुवातीला मला त्यांचा वैताग यायचा. आपण ऑफिसातून थकून यावं, जिन्यात त्या भेटाव्यात आणि आपल्या तोंडातून निसटलेल्या शब्दाची त्यांनी उलटतपासणी घ्यावी, हे फार झालं असं वाटायचं.

त्यांचं खरं पाणी मला दिसलं ते खोलकुटे काका गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. काका रेल्वेत होते, अबोल, सज्जन गृहस्थ. ते गेले आणि चारच महिन्यांत संक्रांत आली. आमच्या भागातल्या मराठी बायकांचं एक महिला मंडळ आहे. रेल्वेतल्या, सरकारी नोकरीतल्या घरांतल्या जुन्या बायका आणि राजधानीच्या ऑफिसांमध्ये नव्यानं आलेल्या आमच्यासारख्या, अशा सगळ्याजणी त्यात. संक्रांतीचं सार्वजनिक हळदीकुंकू हा मंडळाचा वर्षातला मोठा कार्यक्रम आणि त्यातलं वाण आणणं, वाटणं हे काम वर्षानुवर्षं मंदाकाकूंकडे. त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षबाई घरी आल्या, चहा घेतला आणि हळूच म्हणाल्या, "यंदा तुम्ही आराम करा, काकू."

"आराम म्हंजे?"

"म्हणजे वाणाचं दुसरं कोणी पाहून घेईल."

"काहून?"

"नाही, तसं काही नाही. पण शेवटी रीत असते ना."

"रीत म्हंजे कोण? तिले माह्याकडं पाठव. मी बोलून घेतो."

अध्यक्षबाईंनी कप खाली ठेवला आणि पर्स घेऊन त्या उठल्या.  हळदीकुंकवाच्या दिवशी काकू नेहमीसारख्या दारात उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर त्यांनी वाण ठेवलं. शेवटी हळदीकुंकवाचं तबक उरलं, तेव्हा त्यांनी आपलं कपाळ पुढे केलं आणि सगळ्यांकडे नुसतं बघत राहिल्या. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग सरोज बोरकर नावाची आमच्यातली सगळ्यात लाजरी बाई उठली आणि तिनं काकूंना हळद लावली, कुंकू लावलं. मला रडू आलं. काकू मात्र म्हणाल्या, "सरळ लाव व, नाकावर सांडून राहिली तू." त्या वर्षापासून आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला सवाष्ण असणं लागत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की त्यानंतर दोन वर्षांनी याच हळदीकुंकवात काकू फसल्या. साध्यासुध्या नाही, चारचौघींत फसल्या, आणि स्वतःच्या हातानं बाकीच्यांनाही फसवून बसल्या.

झालं असं की मोठ्या रस्त्यावर साड्यांचं एक नवं दुमजली दुकान उघडलं होतं. त्या मालकांची सून काकूंकडे आली. गोड मुलगी, वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काकीजी, इस बार सब दीदी लोगों का वाण हमारी तरफ से." तिनं लाल पाकिटांचा गठ्ठा ठेवला. पाकिटावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, 'गिफ्ट व्हाउचर, पाचशे रुपये'. मी तिथेच होते. मला वाटलं, आता काकू विचारणार, व्हाउचर म्हंजे? पण काकूंनी पाकीट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. त्या मुलीला तिळगूळ दिला आणि ओटी भरून पाठवलं.

मराठी माणसाला यात काही नवल वाटणार नाही. वाण उलटून बघत नाहीत. किंमत किती, कुठून आणलं, हे विचारत नाहीत. चमचा असो नाही तर चाळणी असो, हातावर पडलं की पदराआड घ्यायचं आणि हसायचं, हे आमच्या आयांनी आम्हाला धड बोलता यायच्या आधी शिकवलेलं असतं. जगातल्या प्रत्येक शब्दाला कोपऱ्यात गाठणाऱ्या काकूंचा हा एकच दरवाजा उघडा होता आणि दुकान नेमकं त्यातून आत आलं. मंडळातल्या एकीनंही पाकीट तिथे उघडलं नाही. सगळ्या हसल्या, सगळ्यांनी पदराआड घेतलं.

पुढच्या आठवड्यात बायका दुकानात जायला लागल्या. तिथे काउंटरवरच्या मुलीनं कुपन उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. किमान पाच हजारांच्या खरेदीवर, तेही निवडक मालावर, दुसऱ्या कुठल्याही ऑफरसोबत चालणार नाही, बदल्यात रोख मिळणार नाही. तोवर साड्यांचा ढीग उलगडून झालेला, चहा पिऊन झालेला, मागे ओळखीच्या बायका उभ्या. अशा वेळी पाय मागे घेणं किती अवघड असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. काही जणी काहीतरी निमित्त काढून निसटल्या. बऱ्याच जणींनी नको असलेल्या साड्या घेतल्या. सरोजनंही घेतली. तिचा नवरा शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यात आहे, ओव्हरटाइमवर घर चालतं. ती काकूंना भेटली तेव्हा म्हणाली, "साडी छान निघाली हो काकू." काकूंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

मंडळात कुजबुज सुरू झाली. "तरी रीत सांगितली होती," हे वाक्य कोणीतरी बोललं आणि ते काकूंपर्यंत पोचवणारंही कोणीतरी होतंच. पण खरा घाव बेंगळुरूहून आला. काकूंची तिथे राहणारी सून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होती. तिनं वाचलं, नवऱ्याला सांगितलं आणि प्रसादचा फोन आला. प्रसाद काकूंचा एकुलता एक मुलगा. मराठी त्याला पूर्ण समजायचं, पण बोलायचा तो हिंदीतच. रायपुरात वाढलेली बरीच पोरं अशीच. मनानं चांगला, आईवर जीव असलेला, आणि त्यामुळेच जास्त अवघड.

"आई, यही तो मैं दो साल से बोल रहा हूँ. आज व्हाउचर है, कल कोई ओटीपी पूछेगा. तू अकेली रहती है. तुझे ये सब समझता नहीं. मकान बेच देते हैं, इधर आ जा."

"समजत नाही म्हंजे?" काकू उभ्यानंच बोलत होत्या.

"मतलब, नहीं समझता, आई. इसमें तेरी गलती नहीं है. जमाना बदल गया. रथसप्तमी को मैं आ रहा हूँ. दलाल के पास ग्राहक है, बात कर लेंगे."

काकूंनी फोन ठेवला. त्या हॉलमधल्या खिडकीशी गेल्या. मग मला म्हणाल्या, "त्यानं मले मूर्ख म्हटलं असतं तं चाललं असतं, पोरी. भांडली असती मी. पण तो तं मले बिचारी म्हणून राहिला."

 

त्या वर्षी रथसप्तमी उशिरा होती, हातात जवळजवळ तीन आठवडे होते. काकूंनी ठरवलं की प्रसाद यायच्या आत या कुपनांची भाषा शिकून घ्यायची. घर जाणार की राहणार ते यावर ठरणार होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "ज्याले समजत नाही त्याचं घर दुसरे लोक सांभाळतात," त्या म्हणाल्या. "मले समजलं का मंग तो कोणत्या तोंडानं म्हणल?"

मग वर्तमानपत्रातून पडणारी रंगीत पत्रकं, किराण्याच्या पिशवीतली कुपनं, माझ्या मोबाइलवर येणारे मेसेज, सगळं जेवणाच्या टेबलावर जमा व्हायला लागलं. काकूंना पाठांतर नको होतं. एकेक शब्द धरायचा आणि तो आपल्या बोलीत बसेपर्यंत सोडायचा नाही, अशी त्यांची पद्धत. 'अपटू सत्तर टक्के' या शब्दानं त्यांना फार छळलं. शेवटी त्यांनी कुपनावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅम, कृपया होल्ड कीजिए."

"मैं होल्ड नहीं करती, बेटा. मैं सालों तक करवाती थी. अपटू मतलब?"

"मॅम, अपटू मतलब सत्तर परसेंट तक."

"तक समझी. सत्तर किस चीज पर है, वो एक चीज बता दो."

 कीबोर्डची टकटक. मग तो मुलगा अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मॅम, सच बोलूँ तो रुमाल पे है."

काकू इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याला लग्न झालं का विचारलं, आईची चौकशी केली आणि दिवाळीला रायपूरला यायचं आमंत्रण दिलं. फोन ठेवून मला म्हणाल्या, "अपटू म्हंजे साडी पाहायले बोलावतात अन् रुमाल देतात."

असे त्यांचे अर्थ तयार होत गेले. निवडक माल म्हणजे तुमच्या डोळ्यात भरलेला सोडून बाकीचा. कॅशबॅक म्हणजे पैसे तुमच्याकडं परत येत नाहीत, तुम्हीच दुकानात परत येता. एकावर एक फ्री या शब्दावर त्या फार वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "दुसरं फुकट नसते. पहिलं महाग असते." मी हसले तर मला दटावलं. "तू काहून हसून राहिली? तुह्या फोनमधल्या त्या पिशवीत कसलं कसलं भरून ठेवलं, ते डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून ना?" ती पिशवी म्हणजे ॲपमधली कार्ट. त्यात मी तीनशेचा शाम्पू घेऊन वर दोनशेच्या नको त्या वस्तू टाकलेल्या होत्या. मी एकेक वस्तू काढून टाकली.

हे एकटीनं शिकण्यात काकूंना रस नव्हता. त्यांनी सरोजला बोलावलं, तिनं आणखी दोघींना आणलं, आणि शनिवारी दुपारी काकूंच्या व्हरांड्यात वर्गच भरायला लागला. नियम साधा. प्रत्येकीनं एक कुपन मोठ्यानं वाचायचं, पुढच्या बाजूनं नव्हे, मागच्या बाजूनं. अवघड शब्द आला की बाकीच्यांनी एका सुरात ओरडायचं, "म्हंजे?" आणि वाचणारीनं तो आपल्या भाषेत सांगितल्याशिवाय 'समजलं' म्हणायचं नाही. माझ्यासारख्या शिकलेल्या बायकांची तिथे फार पंचाईत व्हायची. साड्यांच्या दुकानाच्या कुपनावरचा 'नॉन-ट्रान्सफरेबल' हा शब्द मी ऑफिसात रोज वापरते, पण त्या व्हरांड्यात मला त्याचं मराठी सुचेना. सरोज हळूच म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या कोणाले देता येत नाही." मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. "अन् हे तर वाण होतं, काकू. वाण तर द्यायलेच असते."

काकू ताडकन उठल्या. "हेच तं! एवढे दिवस मी काय शोधून राहिली होती?"

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी प्रसाद आला. आल्या आल्या त्यानं आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, तिला शाल दिली आणि मग कुपनाचा विषय काढला. त्याच्या मते तो प्रश्न सोपा होता. "जिन-जिन आंटियों का नुकसान हुआ, मैं दे देता हूँ सबको. बात खतम." काकू म्हणाल्या, "तू दिलं म्हंजे मी फसली हे पक्कं झालं. मले ते नाही पायजे. उद्या माह्यासंग चल अन् पाहत राय."

रथसप्तमीला संक्रांतीचं हळदीकुंकू संपतं. त्या दुपारी आम्ही दुकानात गेलो. बायका नटून, गजरे माळून, हातात तबकं घेऊन. प्रसाद मागे, चेहऱ्यावर आई आता काय करणार ही काळजी. दुकानातल्या लोकांना वाटलं मोठी गिऱ्हाइकं आली. गाद्यांवर पांढऱ्या चादरी झटकल्या गेल्या. काकू सरळ काउंटरवर गेल्या आणि लाल पाकीट पुढे ठेवलं.

"भैया, ये क्या है?"

"गिफ्ट व्हाउचर है, आंटी," मॅनेजर म्हणाला.

"गिफ्ट मतलब?"

"मतलब भेंट."

"पीछे पढ़ो."

त्यानं आतलं कुपन काढून, उलटं करून वाचलं. प्रत्येक ओळीनंतर मागून बायकांचा एका सुरात 'मतलब?' यायचा. ते मी विसरू शकत नाही. मॅनेजर घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "आंटी, कंडीशन तो सब में रहती है."

"भेंट में नहीं रहती," काकू म्हणाल्या. "मैंने ये हल्दी-कुंकू लगाकर अपने हाथ से दिया है. वाण में शर्त नहीं होती. शर्त है तो ये कुपन है, वाण नहीं है. और कुपन है तो हमारे हल्दी-कुंकू में किस हक से आया?"

"आंटी, कंपनी पॉलिसी है."

"ठीक है. फिर हम वापस करते हैं."

आणि त्यांनी पाकिटाला हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं बोट लावलं आणि ते काउंटरवर ठेवलं. त्यांच्यामागे सरोजनं आपलं रिकामं पाकीट ठेवलं. मग एकामागून एक सगळ्यांनी. वाण परत करणं आमच्यात कुणी कधी ऐकलेलं नाही. शेवटी अध्यक्षबाईंनीही ठेवलं. दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना हे मराठी प्रकरण काय ते कळत नव्हतं, पण सणाच्या दिवशी बायका हळदीकुंकू लावलेली भेट परत करताहेत म्हणजे काहीतरी भलतंच घडतंय, एवढं प्रत्येकाला कळत होतं. एका बाईनं तर हातातली साडी गादीवर ठेवली आणि ती उठून आमच्या शेजारी येऊन उभी राहिली.

वरच्या मजल्यावरून म्हातारे शेठजी जवळजवळ धावत खाली आले. मागे ती गोड सून, रडवेली. शेठजींनी हात जोडले. "माताजी, ये मत कीजिए. दुकान नई है. आप लोग बैठिए, सबको एक-एक साड़ी मेरी तरफ से."

"साड़ी नहीं चाहिए," काकू म्हणाल्या. "जो आगे लिखा है, वो पीछे भी रखिए. नहीं तो आगे से गिफ्ट शब्द निकालिए. और जिन्होंने शरम में खरीदा है, उनका माल वापस लीजिए."

शेठजींनी मॅनेजरकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, त्या हळदीनं माखलेल्या पाकिटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंजूर."

सगळं अगदी कथेत घडावं तसं चाललं होतं, तेवढ्यात सरोजनं घोळ घातला. काउंटरवरच्या मुलीनं साडी परत घ्यायला तिच्याकडे पिशवी मागितली, तर सरोज ती छातीशी धरून म्हणाली, "काकू, राहू द्या ना. आता मले ती आवडाले लागली." काकू तिच्यावर अशा भडकल्या की त्या संतापात विजयाचा आनंद व्हायचाच राहून गेला. परतीच्या गाडीत त्या सारख्या पुटपुटत होत्या, "आवडाले लागली म्हणते! इतकं केलं हिच्यासाठी." गाडी चालवणारा प्रसाद हसून हसून बेजार झाला होता. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आई, मुझे लगा था तू रोएगी वहाँ."

"काहून रडू?"



संध्याकाळी ठरल्याप्रमाणे दलाल आला, सोबत घर घेऊ इच्छिणारा एक गृहस्थ. काकू फाटकाशीच गेल्या. "विकना नहीं है."

"पर आंटी, भैया ने तो बोला था..."

"भैया से पूछो मकान किसके नाम पर है."

दलालानं प्रसादकडे पाहिलं. मी वरच्या गॅलरीत उभी राहून बघत होते. प्रसाद पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "आई के नाम पे है. वो जो बोल रही है, वही फाइनल है."

काकूंनी फाटकाची कडी घातली. त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही. पण आत जाताना त्यांनी प्रसादच्या डोक्यावरून हात फिरवला, तो बराच वेळ तिथेच राहिला.

तरी पोरगा तो त्यांचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नवा डाव टाकला. घर विकायचं नाही, ठीक. पण बेंगळुरूला चल तर खरी, जब तक मन करे तब तक रह. काकू तव्यावर तांदळाच्या पिठाचा चिला उलटत होत्या. "जब तक मन करे म्हंजे? कोणाचं मन?" प्रसाद म्हणाला, तुझंच. "मंग तारीख आत्ताच टाक. मन मागून बदलते, अन् मंग तुम्ही म्हणता का तिलेच राहाचं होतं." अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी महिनाभर राहायचं ठरलं. काकू वर माझ्याकडे आल्या आणि परतीचं तिकीट आधी काढून घेतलं, ते कागदावर छापून घेतलं, आणि मगच प्रसादला सांगितलं की आता जायचं तिकीट तू काढ.

त्या ठरल्या दिवशी परत आल्या, हे मला लँडलाइनवरून आलेल्या त्यांच्या फोनवर कळलं. तोवर माझी नागपूरला बदली झाली होती, सामान हललं होतं आणि किल्ली मी सरोजकडे देऊन आले होते. नंतर मी रायपूरला गेलेले नाही. शनिवारचा वर्ग अजून भरतो म्हणे, आता त्यात विम्याची पत्रकंही वाचतात. काकूंना मी शेवटचं पाहिलं ते रायपूरच्या माना विमानतळावर, त्यांना पोचवायला गेले होते तेव्हा.

कडक इस्त्रीची कॉटनची साडी, पदराला पिन, खांद्याला पर्स. प्रसाद दोन्ही बॅगा घेऊन मागे. दारावरच्या वर्दीतल्या जवानानं हात पुढे केला, "माताजी, टिकट." प्रसाद खिशातून मोबाइल काढत होता, पण त्याच्या आधी काकूंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून जवानाच्या हातात दिला. त्यानं पाहिलं, भुवया वर केल्या आणि म्हणाला, "माताजी, ये तो वापसी का है."

"हव, मालूम है. जाने का इस लड़के के पास है. पहले ये देख लो. जोर से पढ़ो."

मागे रांग थांबली होती. जवानानं एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा प्रसादकडे. मग त्यानं खरोखरच कागद दोन्ही हातांत धरला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, "बेंगलुरु से रायपुर. एक यात्री. मंदाकिनी खोलकुटे."

काकूंनी कागद परत घेतला, घडी घातली आणि मागे वळल्या.

"ऐकलं का, प्रसाद?"

"सुन लिया, आई," प्रसाद म्हणाला आणि त्यानं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.